लग्नापुरता सुपरवायझर

डोंबिवलीत आमच्या दारावर एक पितळी पाटी होती. वर माझं नाव आणि नावाखाली 'सुपरवायझर'. अक्षरं मी स्वतःच्या हाताने कोरलेली, त्यामुळे ती सुरेख होती. फक्त खरी नव्हती.

मी मानपाड्याच्या बाजूला एका कारखान्यात डाय मेकर होतो. प्लॅस्टिकची बादली घ्या, टब घ्या, कंगवा घ्या. तो ज्या लोखंडी साच्यातून बाहेर पडतो त्याला आमच्या धंद्यात डाय म्हणतात, आणि तो साचा केसाच्या जाडीपर्यंत घासून घासून बसवतो तो डाय मेकर. काम झकास, पगार बरा, पण कपडे तेलकट आणि नखं बारा महिने काळी. आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र सगळे बँकेतले नाहीतर मंत्रालयातले. पांढऱ्या नखांची माणसं. म्हणून मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून ब्रीफकेस घेऊन निघायचो. ब्रीफकेसमध्ये जेवणाचा डबा आणि कामाचे कपडे. एकदा डब्यातली आमटी सांडली आणि जिन्यावर वरपासून खालपर्यंत ठिपके पडले, तेव्हा मी सगळ्यांबरोबर "कोण हो असं सांडतं!" म्हणून आरडाओरडा केलेला.

सुपरवायझर झालो तो मुलीच्या लग्नासाठी. एकुलती एक मुलगी, आणि स्थळ आलं कल्याणचं. मुलगा कॉम्प्युटरवाला. बैठकीत मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "आपण काय करता?" मी तोंड उघडलं आणि आतून 'सुपरवायझर' बाहेर पडला. तो आत कधी शिरला होता देव जाणे. व्याही खूश होऊन म्हणाले, "वा वा! आमचीही खडवलीला शेतीवाडी आहे." या 'ही'चा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

एकदा बोललं की निस्तरणं आलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, मी सुपरवायझर आहे असं एक पत्र द्या."

"पगार वाढवून मिळणार नाही हां."

"नको साहेब. नुसता शब्द हवाय."

नुसत्या शब्दाला काय लागतं! साहेबांनी हसत हसत सही केली. मी पाटी कोरली, लग्न थाटात झालं, आणि काही दिवसांनी मुलगी-जावई ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले. विमानतळावर बायको रडली नाही. टॅक्सीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "सोडायला एकदा आले. पुढच्या खेपेला येईन ती जाण्यासाठीच."

मला वाटलं, बोलायची पद्धत असते. पण मुलीला दिवस गेल्याचं कळलं आणि बाई कामाला लागल्या. डिंकाचे लाडू करायला घेतले. "अगं, ते तिकडे पोचणार कसे?" तर म्हणे हात बसलेला असावा. हात बसवायचे लाडू मी खाल्ले. बाळंतपण मुलीचं आणि पोट माझं वाढलं. इकडे कारखान्यातही एकेक मशीन विकायला निघालेलं. म्हणजे इथे राहायला कारण उरलं नव्हतं आणि तिकडे जायला वाट नव्हती.

वाट विचारायला ठाण्याला एका एजंटाकडे गेलो. त्याने पंख्याखाली बसवून एकेक वाट दाखवली आणि दाखवता दाखवता बंद केली. टुरिस्ट म्हणून जा, पण नातवंड ओळखायला लागेल तेव्हा परत यायचं. आईबाप म्हणून जा, पण ती रांग लांब, आणि "काका, तुम्ही अजून तेवढे म्हातारे नाही." कारागीर म्हणून जा, तर तिकडे वयाला गुण असतात, पंचेचाळिशीनंतर ते गुण उन्हातल्या बर्फासारखे जातात, आणि मी पन्नाशीला टेकलेलो. थोडक्यात, बाप म्हणून मी फार तरुण आणि कारागीर म्हणून फार म्हातारा. जन्मात पहिल्यांदाच कुणी मला एका बैठकीत दोन्ही म्हटलं.

"एक शेवटची वाट आहे," एजंट म्हणाला. "तिकडच्या एखाद्या मालकाने हट्ट धरला पाहिजे, की मला हाच माणूस हवा. मग वयाकडे जरा कानाडोळा करतात." मग त्याने माझं पत्र वाचलं. "पण सुपरवायझरसाठी कोण हट्ट धरतोय?"

दर रविवारी सकाळी मुलीचा फोन यायचा, खालच्या मावशींकडे. मावशींचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, ते फोनशेजारी पेपर वाचत बसायचे. पेपर पुढे, कान मागे. त्या रविवारी फोनवर जावई होते.

"बाबा, आमच्या शेजारच्या गोऱ्याचा बादल्या-टबांचा कारखाना आहे. त्याला माणूसच मिळत नाहीये. पण तुमचा काही उपयोग नाही हो."

"का बरं?"

"त्याला सुपरवायझर नकोय. हाताने डाय बनवणारा हवाय. जुना, मुरलेला माणूस. तुमच्या हाताखाली असेल ना एखादा?"

मी बायकोकडे पाहिलं. ती मावशींच्या सोफ्याच्या कडेला पुढे झुकून बसलेली. मी काकांच्या पेपराकडे पाहिलं. पेपराचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"आहे," मी म्हटलं.

"कोण?"

"मीच."

"काय? आवाज येत नाहीये, बाबा, जरा मोठ्याने!"

तेव्हा परदेशच्या फोनवर ओरडावंच लागायचं. मी ओरडलो, "मीच डाय मेकर आहे! सुपरवायझर नाही! कधीच नव्हतो!" समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई वाळत घातलेला टॉवेल तसाच धरून गॅलरीत उभी राहिली.

मग जावई म्हणाले, "बाबा, मग आधी नाही का सांगायचं! एवढे दिवस मी सगळ्या मेलबर्नमध्ये डाय मेकर शोधतोय!" आणि मागून मुलीचं हसणं ऐकू आलं. तिला काय, लहानपणापासून ठाऊक होतं.

फोन ठेवला. मावशी कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, म्हणजे तुम्ही डाय बनवता? केसांना लावायचा? इतकी वर्षं बोलला नाहीत ते! मी मेली दुकानातून विकत आणते."

"अहो मावशी, तो डाय नव्हे..."

पेपरामागून काका म्हणाले, "मला नखांवरून वाटलेलंच."

जिना चढताना बायकोला म्हटलं, "गेली अब्रू." ती म्हणाली, "अब्रू कसली जातेय! आमटी सांडायची ती तरी थांबेल."

गोरा मालक मशिनं बघायला ऑक्टोबरात ठाण्याला येणार होता. तिथल्याच एका वर्कशॉपात माझी परीक्षा घ्यायचं ठरलं. आता शहाण्या माणसाने काय करावं? शांत राहावं. पण माझ्या डोक्यात एजंटाची पंचेचाळिशी बसलेली, आणि कानात मावशींचा डाय. जावई 'जुना, मुरलेला माणूस' म्हणाले होते हे मी साफ विसरलो. परीक्षेच्या सकाळी काळ्या पावडरीचं पाकीट आणून केस आणि मिशी रंगवली. पाकिटावर लिहिलेलं, नंतर भरपूर पाण्याने धुवा. धुतलं तर जाईल या भीतीने मी नुसतं पंच्याने टिपून घेतलं. न्हाणीतून बाहेर आलो, तर बायको म्हणाली, "कोण पाहिजे?"

गोरा उंच, लालबुंद, माझ्याच वयाचा, आणि डोकं पांढरंशुभ्र. त्याने एकदा माझ्या डोक्याकडे पाहिलं, एकदा एजंटाने कागदांत लावून दिलेल्या सुपरवायझरच्या पत्राकडे. त्याचा चेहरा पडला. मला दोन लोखंडी तुकडे दिले. एकाला खाच पाडायची, दुसरा घासून त्या खाचेत असा बसवायचा की दोघांमधून उजेड दिसता कामा नये. पोरवयात शिकलेलं काम. कानस हातात आली आणि मी वय, व्हिसा, मेलबर्न सगळं विसरलो.

पण पत्र्याच्या शेडखालचा ऑक्टोबर मला विसरला नाही. आधी कपाळावर गुदगुल्या झाल्या. मग नाकाच्या शेंड्यावरून एक काळा थेंब टपकन लोखंडावर पडला. मग दुसरा. वर्कशॉपची पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. एकजण म्हणाला, "काका, ऑईल लीक होतंय!"

आता आमच्या कामात एक रीत असते. दोन तुकडे कुठे अडतात ते कळावं म्हणून एकाला निळी शाई फासतात आणि दुसऱ्यावर दाबतात. जिथे शाई उमटते तिथे लोखंड उंच. मी निळ्या शाईची डबी मागायला मान वर केली, तर तुकड्यावर आधीच काळे डाग उमटलेले. नेमके अडत होते तिथेच. म्हटलं, आता लाजून काय उपयोग? तेवढे डाग घासून काढले, पुन्हा दाबलं, पुन्हा डोक्यातून थोडा रंग घेतला, पुन्हा घासलं. शेवटी तुकडा खाचेत असा सरकला की हवासुद्धा सावकाश बाहेर पडली. गोऱ्याने तो उजेडासमोर धरला. फट नाही. माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसला. त्याच्या इंग्रजीतलं मला एवढंच कळलं की असा शाई बरोबर घेऊन फिरणारा कारागीर त्याने पाहिला नव्हता.

त्याने पुसायच्या चिंध्यांचा बोळा माझ्या हातात दिला. मी डोकं खसाखसा पुसलं. खालून पांढरं निघालं तसा त्याचा चेहरा खुलला. मग बोट पत्रावर ठेवून त्याने विचारलं, "व्हाय सुपरवायझर?"

हीच ती शेवटची वाट, आणि तिच्या तोंडाशी माझंच पत्र आडवं पडलेलं. बायकोचे लाडू डोळ्यांपुढे आले. खोटं बोलायला इंग्रजी पुरणार नव्हतं, म्हणून खरं बोललो.

"सर, सुपरवायझर ओन्ली फॉर मॅरेज."

"युअर मॅरेज?"

"नो सर. डॉटर मॅरेज."

त्याला किती कळलं मला माहीत नाही. पण त्याने पत्र घडी करून मला परत दिलं आणि हात पुढे केला. माझा हात काळा होता, म्हणून मी मागे घेतला. त्याने तो ओढून घेतला.

व्हिसा आला, तोवर नात बसायला लागली होती. आधी दोन वर्षांचा, पुढचं पुढे. पण बायकोने 'दोन वर्षांचा' हे शब्द ऐकलेच नाहीत. मधल्या काळात मी मॅनेजरसाहेबांकडून खरं पत्र घेतलं ("आता पगार कमी करू का?" त्यांनी विचारलं), पाटी उतरवली आणि कल्याणला व्याह्यांकडे गेलो. म्हटलं, त्यांना माझ्या तोंडून कळलेलं बरं.

सगळं ऐकून व्याही गंभीर झाले. आतल्या खोलीकडे नजर टाकून हळूच म्हणाले, "इतक्या दिवसांत तुम्हाला खडवलीला शेतावर कधी बोलावलं का हो मी?"

"नाही."

"बोलावणार कुठे? एक आंबा आहे. त्याच्याखाली दोन माणसं बसली की शेत भरतं."

निघायच्या दिवशी व्याही लोणच्याची बरणी घेऊन आले. "शेतीवाडीतून," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि डोळा मारला. बायकोने ती विमानात मांडीवर घेतली. लाडू कुठे होते ते विचारू नका.

मेलबर्नहून आम्ही मावशींना एक फोटो पाठवला. नात माझ्या खांद्यावर, तिच्या दोन्ही मुठींत माझे पांढरे केस, आणि मागे कारखान्याचं फाटक. काकांनी पुढे फोनवर सांगितलं, मावशी तो सगळ्या बिल्डिंगला दाखवत फिरल्या. वर म्हणायच्या, "बघा ना! बिचारे एवढे डाय बनवायला सातासमुद्रापार गेले, आणि स्वतःच्या डोक्याला एक थेंब नाही!"