बड्या बाबूंची डोंगरावरची रजा

आमचे बडे बाबू चालताना उजवा हात मागे धरायचे, पंजा उघडा. म्हणजे मागच्याने पुढे यायचं नाही. म्हणायचे, "क्रम म्हणजे क्रम." सरकारी कचेरीत असा एखादा तुम्हीही बघितला असेल. आमचा जरा जास्तच होता. लिफ्टमध्ये आधी ते, मग थोरला कारकून, मग धाकटा. मी शिपाई. माझी पाळी येईतो दार बंद व्हायचं, मी जिन्याने जायचो.

गेल्या महिन्यात ते गेले, म्हणून लिहितोय.

सरोजिनी नगरात त्यांचं क्वार्टर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर. माझी बायको गेली त्या वर्षी त्यांनी दोघा कारकुनांना आणि मला सुरकंडा देवीला नेलं. देऊळ डोंगराच्या टोकावर, तिथून बर्फाची शिखरं दिसतात. मी जन्मात डोंगर चढलो नव्हतो. सरकार फिरायला भाडं द्यायचं, ते आम्ही दर वेळी गावी जाण्यात घालवलं. बायको म्हणायची, एकदा बर्फाचे डोंगर दाखवा. मी म्हणायचो, फ्रिज उघड, बर्फ बघ. ती गेल्यावर हा गाढवपणा फार टोचायला लागला. ठरवलं, तिच्या वाटचं आपण तरी बघून यायचं.

खाली चहावाला म्हणाला, नऊनंतर ढग येतात, मग वरून काही दिसत नाही. तेव्हा आठ वाजले होते.

आणि पुढे बडे बाबू. वीस पायऱ्या चढायचे, थांबायचे, म्हणायचे देखावा बघतोय. तोंड दरडीकडे. धाप लपवत होते, दुसरं काय. मागे दोघे कारकून थांबायचे, त्यांच्या मागे सगळ्यांचं पाणी घेऊन मी. दोन म्हाताऱ्या आम्हाला ओलांडून गेल्या. मग एक बकरी गेली. बाबू म्हणाले, जाऊ दे, ती आपल्या खात्यातली नाही.

नऊ वाजत आले. समोरच्या टेकडीवर ढग चढले. मी पाण्याची पिशवी खाली ठेवली.

"साहेब, तुम्ही बसा. मला बायकोच्या वाटचं बघायचंय. ढग थांबायचे नाहीत."

थोरला मला दटावायला लागला. बाबू पायरीवर बसले, रुमालाने मान पुसली.

"मी आत्तापासून रजेवर. चार्ज याच्याकडे."

"साहेब, हा शिपाई आहे," थोरला म्हणाला.

"मग पाणी तू घे. आणि त्याच्या पुढे जायचं नाही."

मी जो सुटलो! मागे दोघे कारकून, पिशवी आणि छत्री सांभाळत.

वर पोचलो तर शिखरं अख्खी उभी. पोटभर बघितली. बायकोशी काय बोललो ते इथे लिहीत नाही. दहा मिनिटांत सगळं ढगात गेलं.

बाबू अर्ध्या तासाने आले.

"दिसलं?"

"दिसलं."

"कसं होतं?"

मला कुठलं सांगता येतंय. म्हणालो, "पांढरं. पुष्कळ होतं."

त्यांनी विचारलं, कुठल्या बाजूला. ढगात मलाही कळेना. दिला एकीकडे हात करून. त्यांनी कानटोपी काढली, तिकडे हात जोडले, डोळे मिटले.

"वहिनींचं झालं ना? मग झालं."

तेवढ्यात ढग फाटले. त्या बाजूला खाली चहाची टपरी आणि आमची बस.

मी धाकट्याच्या हातातली छत्री ओढली आणि बाबूंच्या समोर उघडली. त्यांनी डोळे उघडले.

"पाऊस आला?"

"आला, साहेब."

एक थेंब नव्हता. बाबूंनी हात बाहेर काढून बघितलं नाही. माझ्याबरोबर छत्रीखाली उभे राहिले, बराच वेळ.