बिरूचं खरं वय

वडील पटकीनं गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि बिरू चार सरून पाचव्यात. चाळीसेक मेंढरं होती, पण ती राखायला माणूस एकच, आई. दिवस उगवायला ती कळप घेऊन बेंबळीच्या शिवारात जायची ती मावळतीलाच परत यायची. मागं चुलीपाशी झाकून ठेवलेली दीड भाकरी आम्हा दोघांत. शेजारणीनं चार दिवस बिरूला सांभाळलं, मग तिलाही रोजगाराला जाणं भाग होतं. शेवटी आई मला म्हणाली, "तूच ने त्याला संगं. साळंत बसंल गप." अशा रीतीनं माझा धाकटा भाऊ शाळेत गेला. शिकण्यासाठी नव्हे, घरात बघायला कुणी नव्हतं म्हणून.

आमचे शेख मास्तर आधी उर्दूतून शिकवायचे. निजामाचं राज्य गेलं तसे ते मराठीतून शिकवू लागले, आणि शिकवता शिकवता स्वतःही शिकत होते. त्यांनी बिरूकडं चष्म्यावरून बघितलं. "काय रे, हे पिल्लू किती वर्षांचं?" मी छातीठोक सांगितलं, "सहा." सहाच्या खालचं पोर घेत नाहीत हे मला ठाऊक होतं. मास्तर हसले. "सहा? तुझ्या कळपातलं कोकरू बी याच्याहून थोराड असंल. चल बेटा, कान धर." तेव्हा वय बघायची हीच रीत होती. उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं पोचली तर पोरगं सहाचं. बिरूची बोटं कानाच्या वर चार बोटं थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यानंच खुणावलं... आणि त्या शहाण्यानं डोकं कलतं करून कानच बोटांपाशी आणला. मास्तरांनी रजिस्टर उघडलं, एक जून ही तारीख टाकली आणि सहा वर्षं मागं जाऊन साल लिहिलं. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली होती.

चौथी झाल्यावर बिरूनं आपणहून काठी हातात घेतली. म्हणायचा, "दादा, तू शीक. मेंढरं मला वळखत्यात, तुला बघून बुजत्यात." मी धाराशिवला मॅट्रिक झालो, सोलापूरला बी.ए. झालो. आमच्या आख्ख्या वस्तीत पहिला बी.ए. मी, हे मी आजही मान वर करून सांगतो. पण ज्या पायांनी ते झालं ते पाय कळपामागं उन्हात चालत होते, हेही सांगितलं पाहिजे.

चीनची लढाई झाली आणि गावोगाव भरतीची हवा पसरली. एका दुपारी बिरू शाळेत जाऊन दाखला घेऊन आला आणि माझ्यापुढं धरला. "दादा, अठरा भरत्यात बघ." मी हिशोब केला, भरत होते. आई अंगणात चातीवर लोकर कातत बसली होती. ती म्हणाली, "कशाचे अठरा? पोलीस ॲक्शनच्या साली ह्यो माझ्या कडंवर व्हता. हुरड्यात जल्मलेलं पोर, आत्ता कुठं सतरावं लागलंय." बिरूनं माझ्याकडं तसंच बघितलं, जसं मास्तरांपुढं बघितलं होतं. आणि मी आईला म्हणालो, "आय, सरकारी कागद हाय. कागदावर हाय तेच खरं." ती पुन्हा चाती फिरवू लागली. शिकलेल्या पोरापुढं तिनं बोलणं कायमचंच कमी केलं होतं. मला भावाचा अभिमान वाटत होता, त्याला वर्दीत बघायचं होतं, हे खरंच. पण मला खरं ठाऊक होतं, आणि मी ते बोललो नाही.

आमच्या दाराच्या लाकडी चौकटीवर आई आमची उंची काढून ठेवायची. मेंढरांच्या पाठीवर खुणेला लावतात त्याच कावेनं. तो निघाला त्या सकाळी तिनं त्याला चौकटीला उभं केलं आणि तांबडी रेघ ओढली. दीड वर्षानं तो रजेवर आला. केस बारीक कापलेले, बोलण्यात मधूनच हिंदी. आई त्याला "ए सायब" म्हणून हाक मारी आणि तो लाजून मेंढरांत जाऊन बसे. निघायच्या दिवशी आईनं पुन्हा चौकटीला उभं केलं. नवी रेघ जुनीच्या वर अडीच बोटं आली. मी म्हणालो, "मिलिटरीचं जेवण मानवलं गड्याला." आई रेघेकडं बघत म्हणाली, "जेवण न्हाय. पोरगं वाढतंय अजून." आम्ही दोघं भाऊ हसलो...

धाराशिवच्या स्टँडवर मी त्याला सोडायला गेलो. गाडी हलली तसा त्यानं खिडकीतून मला हाक मारली, उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. "दादा, बघ की! आता पोचतंय. डोकं न हलिवता!" शेजारचा म्हातारा त्याच्याकडं खुळ्यासारखा बघत होता. तेच बिरूचं शेवटचं दर्शन.

तार बेंबळीला बुधवारी आली. मी धाराशिवला कचेरीत नोकरीला, शनिवारी घरी जायचो. पोस्टमननं आईला एवढंच सांगितलं, "थोरला आला की वाचून घ्या, मावशी." त्याला वाचता येत होतं, असं आज मला वाटतं. आईनं ती देवळीत, देवाच्या टाकांपाशी जपून ठेवली. मी दारात पाय ठेवला तेव्हा ती खुशीत होती. "बिरूचा कागद आलाय. कधी येतूय म्हनं?" मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पण त्या दोन ओळींचं इंग्रजी मला आईला मराठीत सांगता येईना. मी खाली बसलो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला वाचता आलं.

बिरू कामी आला त्याला दीड महिना झाला. गावानं शाळेच्या भिंतीत त्याच्या नावाची शहाबादी पाटी बसवायची ठरवली. गेल्या आठवड्यात चावडीवर माणसं जमली. पाथरवट मजकूर मागत होता. सरपंचांनी वाचून दाखवलं, नाव, गाव, आणि वय वर्षे एकवीस. कोपऱ्यात पदर घेऊन बसलेली आई उठली.

"एकवीस न्हाय. माझं पोरगं एकुणीस वर्साचं व्हतं."

सरपंच समजुतीनं म्हणाले, "आक्का, पलटणीच्या कागदावर एकवीस हाय. दगडावर येगळं लिवलं तर लोक काय म्हनतील?"

"कागदावरचं लिवून त्याला नेलंसा. आता दगडावर तरी खरं लिवा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. गावात कागदाचा निवाडा मीच करतो. आईनं मात्र माझ्याकडं बघितलं नाही. मी काय म्हणेन हे तिला ठाऊक होतं, तीन वर्षांपूर्वी ऐकलं होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, "आय म्हणते ते खरं हाय. शाळेत वय म्या सांगितलं. खोटं सांगितलं. भरतीच्या वक्ताला बी मला ठाऊक व्हतं, आन् म्या आयला गप बसवलं." मग शेख मास्तर काठी टेकत उठले. आता ते थकलेत, नजर अधू झालीय. "त्याचा हात कानाला पोचला नव्हता," ते म्हणाले. "डोकं कलतं केलं होतं बेट्यानं. म्या बघितलं व्हतं. बिनबापाचं लेकरू, सावलीत बसंल, म्हणून लिवलं... एकट्या याच्यावर घालू नका." आणि सरपंचांच्या हातातला कागद त्यांनी पाथरवटाकडं दिला. "एकोणीस टाक."

परवा मी घरी गेलो होतो. आई दार सारवत होती. चौकटीपाशी आली की तिचा हात आपोआप जपून चालतो, कावेच्या रेघांना पोतेरं लागू देत नाही. वरच्या रेघेपाशी मी उभा राहिलो. ती माझ्या कपाळाशी येते. अजून दोन-तीन वर्षं मिळती तर ती माझ्या डोक्यावरून गेली असती, असं आई म्हणते.

पाटी बसली. वय एकोणीस लिहिलं आहे.