जेवताना माझा एकच डोळा रडतो

आणि वरून म्हणे गोष्ट मीच वाढवली. मी काय वाढवलं? मी तर फक्त जेवले... माझ्याच घरी, माझ्याच हातचं.

महिला मंडळाच्या या फळ्यावर सगळ्या जणी आपापले अनुभव लावतात. मी आजवर लावला नाही, कारण चौथीच्या पुढं शाळा नाही आणि लिहायला बसलं की मान धरते. पण आता अर्ध्या मोहल्ल्यात तोंडी फिरून झालंच आहे, तर लिहूनच टाकते.

मागच्या रविवारी उमरेडहून माझ्या शालूला बघायला पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि त्याची आत्या गिरजाबाई. गिरजाबाई आपल्याच मंडळातल्या, स्थळ त्यांनीच आणलेलं.

मुलगी पसंत पडली. मुलाची आई म्हणाली, तुम्हीबी बसा आमच्यासंग. बसले. दुसऱ्या घासाला माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी सुरू झालं. पदरानं पुसलं, आणखी आलं... चावणं चालू आहे तोवर ते थांबत नाही.

संध्याकाळी गिरजाबाई दारात. "काहून वं, पोरीचं मन दुसरीकडं आहे काय? माय जेवता जेवता रडून राहिली, म्हणजे काहीतरी दडवून राहिले तुम्ही. वहिनी तसंच म्हणते."

आता एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका. धाकटा पोटात होता त्या थंडीत एका सकाळी चूळ भरली, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून गळालं. तोंड उजवीकडे ओढलेलं, डावा डोळा मिटेना. सासू म्हणाली हवा लागली. कोणी म्हणे कबुतराचं रक्त चोळा. मी म्हटलं, कबुतरानं काय केलं आहे... आणि मोठ्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरनं समजावलं. तोंड हलवणारी नस कानामागून येते आणि पुढं तिला फांद्या फुटतात. एक कपाळाला, एक पापणीला, बाकीच्या गालाला, ओठाला. ती सुजली होती. पापणी मिटायचं काम तिचं, उचलायचं काम दुसऱ्या नसेचं. उचलणारी धड होती, म्हणून डोळा उघडाच राहिला. बुबुळ फिरवणाऱ्या नसा आणखी निराळ्या, म्हणून दिसायचं बरोबर. गालाला चिमटा काढला तर कळायचा, कारण कळायची नसही वेगळी. एका तोंडाला इतक्या नसा... आमच्या घरात कामाला इतकी माणसं नाहीत.

तोंड हळूहळू जागेवर आलं. पण नस पुन्हा वाढली तेव्हा तिचे काही धागे चुकले. तोंडात लाळ आणायला निघालेले डोळ्याच्या पाण्याकडे जाऊन पोचले. म्हणून मी घास घेतला की डोळ्याला हुकूम जातो. दुःख नाही, तिखट नाही, काही नाही.

डॉक्टर लोकांना हे इतकं आवडलं, की डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांच्या परीक्षेला मला बोलावतात. खाटेवर बसायचं. मावशी, भुवया वर करा. मावशी, गाल फुगवा, दात दाखवा. एकदा मी बिस्कीट खात होते, तर एक पोरगी जवळ येऊन हळूच विचारते, "मावशी, घरी काही त्रास आहे का?" मी म्हटलं, आहे न बाई, पण त्याच्यासाठी मी दोन्ही डोळ्यांनी रडते.

गुरुवारी मी एकटीच एसटीनं उमरेडला गेले. त्यांच्या घरी हातमाग आहे. मुलाची आई मागावर तुटलेला धागा सांधत होती. मी म्हटलं, एक पोळी द्या, कोरडी. त्यांच्यासमोर खाल्ली. एक डोळा वाहतो आहे, दुसरा कोरडा. मग नसेचं सगळं सांगितलं.

त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "म्हंजे तुमचा धागा बाजूच्या धाग्याले सांधल्या गेला." शिकलेल्यांनाही इतक्या लवकर समजलं नव्हतं. मग हसल्या, चहा केला, लग्न उन्हाळ्यात करू म्हणाल्या. परत येताना बसमध्ये मी झोपून गेले. किती दिवसांनी अशी झोप लागली...

शनिवारी गिरजाबाई पुन्हा दारात. "सोयरीक पक्की. फक्त एक आहे. विहिणींची पंगत असते न, दोघी एकमेकींले घास भरवतात, तिथं तुमच्या जागी तुमची मोठी जाऊ बसू द्या. चार लोक पाहतीन, अपशकुन म्हणतीन. फोटोवालाबी राहीन."

शालूचे बाबा म्हणाले, "एका घासाचा तर प्रश्न आहे, कायले ताणतेस." शालू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, तू आधीच घरी जेवून घेशील न?"

इतकी वर्षं लोकांच्या लग्नात मला उपास असतो, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एवढे उपास मी कोणत्याच देवाला कबूल केले नव्हते. पाहुणे आले की मी चुलीजवळ भिंतीकडे तोंड करून जेवते. थकले मी आता.

पोरीच्या लग्नात माझा उपास नाही. विहिणींच्या पंगतीत मी बसणार, घास घेणार, आणि डोळा वाहणार. चालत असेल तर लग्न उन्हाळ्यात. चालत नसेल तर आत्ताच सांगा, शालूला मी समजावीन, तो त्रास माझा.

गिरजाबाई, हा कागद तुम्ही वाचालच. हा निरोप विहीणबाईंचा आहे की तुमचा, तेही मला कळलं पाहिजे. उत्तर येत्या मंगळवारी, दिवेलागणीच्या आत... आणि ते विहीणबाईंनी स्वतः येऊन द्यावं.