भाजीखालची सफरचंदं

आमच्या अमळनेरच्या गल्लीत कुणाच्या पिशवीत सफरचंद दिसलं की लोक आधी विचारत, "घरात कोण आजारी आहे?" केळी रोजची, बोरं-पेरू पोरांचे, सीताफळं दिवाळीच्या आसपासची. सफरचंद मात्र दवाखान्यात खाटेशेजारी ठेवायचं. धडधाकट माणसानं ते खाल्लं तर त्याचं त्यालाच चुकल्यासारखं होई. म्हणून ज्या हिवाळ्यात आईला क्षय असल्याचं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या हिवाळ्यात नाना, म्हणजे माझे वडील, बाजारातून सफरचंदं आणत ती मेथीच्या जुड्यांखाली झाकून. सफरचंदं झाकायला मेथी लागायची आणि आणलेली मेथी टाकून देता यायची नाही. आम्ही त्या हिवाळ्यात इतकी मेथी खाल्ली की अजूनही मी ती भाजी ताटात वाढून घेत नाही.

लपवण्याचं कारण मी होते. माझं शिक्षण संपलं होतं, स्थळं बघायला सुरुवात झाली होती, पाठीवर आणखी एक बहीण होती. घरात क्षय आहे म्हटल्यावर आमच्या उंबऱ्याला कोण पाय लावणार होतं? डॉक्टर म्हणाले होते, गोळ्या नियमित चालू आहेत, आता कुणाला लागण व्हायची भीती नाही. पण डॉक्टर काही स्थळं घेऊन येत नाहीत. गल्लीत आम्ही सांगितलं, अशक्तपणा आहे. आईनं तर त्याआधीही कितीतरी महिने खोकला पदरात दाबून काढले होते. दवाखान्यात गेली तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ कामातून गेलेलं होतं. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. कुणावर, ते धड सांगता येत नाही.

आईचं एकच म्हणणं होतं. "पोरनं एकदाव ठरी जाऊ द्या. मंग मी मोकळी."

कच्चं सफरचंद तिला चावायचं नाही. आंबट लागलं की खोकल्याची उबळ यायची. त्यावरचा उपाय मला धुळ्याच्या दवाखान्यातच मिळाला होता. तिथं पुरुषांच्या वॉर्डात असलेल्या एका रुग्णाची बायको हमरस्त्यावर ढाबा चालवायची, मूळची कुठल्याशा थंड डोंगराळ मुलखातली. तिच्या माहेरी म्हणे थंडीत सफरचंदाचा रस मसाला घालून गरम करून पितात. आजाऱ्यानंच नाही, सगळ्यांनी, शेकोटीभोवती बसून, गप्पा मारत. ऐकून मला वाटलं, काय नशीबवान माणसं असतील.

मी ते करायला शिकले. सफरचंदं सालासकट किसायची. कीस नानांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पिळायचा, अगदी मनगटं दुखेपर्यंत. रस बघता बघता तांबूस पडतो, त्याला घाबरायचं नाही. पातेलं बत्तीच्या स्टोव्हवर, पंपाच्या नाही, कारण याला घाई चालत नाही. रस खळखळला की चव उतरते. दालचिनीचा तुकडा, चार-दोन लवंगा, सुंठ ठेचून, वेलदोड्याची टरफलं आणि शेवटी गुळाचा खडा. वर फेस येत राहतो तो चमच्यानं काढत बसायचं. घरभर वास सुटला की उतरवायचं आणि गाळायचं. फडक्यात उरलेला चोथा धाकटी बहीण साखर घालून खायची. त्या घरात त्या हिवाळ्यात सुखी म्हणावं असं तेवढंच एक दृश्य होतं.

आईचा कप वेगळा होता, निळ्या काठाचा. तो दोन्ही तळव्यांत धरून ती घोट घोट प्यायची आणि मग तासभर तिची छाती शांत राहायची. त्या तासात ती माझ्या लग्नातल्या पंगतीचं बोलायची.

वासाची मात्र पंचाईत होती. खानदेशात घरातून लवंग-दालचिनीचा वास आला की एकच अर्थ निघतो. समोरच्या अक्का खिडकीतून हाक मारायच्या, "का वं पोरी, आज मटन शे का?" मी म्हणायची, "हो अक्का." एकदा असं म्हणून गेले आणि नेमकी एकादशी होती. अक्कांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मला उलट बरंच वाटलं.

मग धुळ्याकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, एकुलता, वडील नाहीत. आईनं नुसतं ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. बघायला येण्याचा दिवस ठरला. आता आईचं काय करायचं? शेजारी राहणाऱ्या थोरल्या काकूंनी तोड काढली. सांगायचं की पारोळ्याला मामीचं बाळंतपण आहे, आई तिकडे गेली आहे. आणि आईला ठेवायचं मागच्या, धान्याच्या खोलीत.

कुलपाची कल्पना आईची स्वतःची. "नुसती कडी नको," ती म्हणाली. "कडीले बाया हात लावतस. कुलूपच लाई द्या."

त्या दिवशी दुपारी नानांनी ज्वारीच्या पोत्यांच्या मध्ये तिच्यासाठी गोधडी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला. मी स्टोव्ह पेटवून बसले होते. रस तयार झाला की थर्मासमध्ये भरून तिला द्यायचा आणि मग कुलूप लावायचं, असं ठरलं होतं. तेवढ्या आधारावर पाहुणे असेपर्यंत खोकला धरून ठेवता येईल, असा तिचा हिशेब.

पाहुणे बरेच आधी आले. त्यांना अलीकडची बस मिळाली होती. गल्लीच्या तोंडाशी ते दिसले तशी एकच धांदल उडाली. नानांनी कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि हात जोडत पुढं झाले. मी पातेल्याकडे बघत राहिले. रस अजून स्टोव्हवर होता आणि आई आत.

बैठकीत पाहुण्यांचं चहाचं चाललं होतं, तोच कुणीतरी म्हणालं, वास काय छान येतोय. काकू तोंडाच्या फटकळ, पण हजरजबाबी. त्या म्हणाल्या, "तुमनासाठेच शे. पोरगीनं नवीन शिकेल शे, सफरचंदनं." मग काय, सफरचंदाचं म्हटल्यावर सगळ्यांनाच हवं झालं. मी पातेलं उतरवलं, गाळलं, कप भरले. शेवटचा कप भरताना पातेलं तिरकं करावं लागलं. आईचा निळ्या काठाचा कप फळीवर पालथा होता. मी ट्रे घेऊन बाहेर गेले, पदर सावरून बसले, आणि लोकांना आईचं औषध पिताना बघत राहिले.

मुलानं कौतुक केलं. त्याचे मामा म्हणाले, पोरगी हुशार आहे. फक्त मुलाच्या आईनं दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. सावळ्या, उंच, पांढऱ्या कपाळाच्या बाई. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात धुवायला मागं जायचंय म्हणाल्या.

मी तांब्या घेऊन त्यांच्यापुढं चालले. न्हाणीकडे जाताना धान्याच्या खोलीवरूनच जावं लागे. खोलीतून खोकला ऐकू आला नाही. पण खोकला दाबताना माणसाचा जो आवाज होतो, कापडात तोंड खुपसून आतल्या आत धक्के बसल्यासारखा, तो आला. एकदा, मग पुन्हा. बाई थांबल्या. कुलपाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "मधमा कोन शे?"

"कोनी नही," मी म्हणाले. "दानादुनानी खोली शे."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. हातसुद्धा धुतले नाहीत. तशाच बैठकीत परतल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "चला, उठा बठ्ठा. यष्टी निघी जाई." मामा म्हणाले, अजून वेळ आहे, पोरीला काही विचारायचंय. बाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं. पोहे तसेच राहिले. पाहुणे गल्लीच्या बाहेरही पडले नसतील, तोच नानांनी खिशातून किल्ली काढली. ती मी घेतली आणि कुलूप काढलं.

आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठाच्या कडेला रक्त होतं. कितीतरी वेळ ती नुसती खोकत राहिली. खोकला थांबल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, "काब्र उठनात इतला लवकर? मना आवाज उना का?"

मी नाही म्हणाले. काकू बाहेर कपाळाला हात लावून बसल्या होत्या. पोहे टाकून उठलेले पाहुणे होकार देत नाहीत, हे काय आईला कळत नव्हतं? त्या रात्री ती जेवली नाही. आपल्यामुळे मोडलं, हे तिनं मनाशी धरलं ते धरलंच. मी राहिलेली सफरचंदं किसायला घेतली तर म्हणाली, राहू दे, आता कशाला.

आठ-दहा दिवस असेच गेले. मग एका सकाळी गल्लीत कुजबुज ऐकू आली म्हणून मी दारात गेले, तर मुलाची आई एकटीच येत होती. हातात दोरीची जाळीची पिशवी, आणि त्या पिशवीत फक्त सफरचंदं. लाल, चकचकीत, सगळ्या गल्लीला दिसतील अशी. समोरच्या अक्का खिडकीत आल्या. त्यांच्याही पलीकडच्या बायका ओट्यावर आल्या. बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ घरात आल्या आणि मला म्हणाल्या, "तुनी माय कोठे शे?"

आता नाही तरी कसं म्हणणार? मी त्यांना आत नेलं. आई उठून बसायची धडपड करू लागली. बाईंनी तिला खांद्याला धरून निजवलं आणि खाटेच्या कडेलाच बसल्या. सफरचंदं उशाशी ठेवली.

"तो वास मी वळखा," त्या म्हणाल्या. "मना मालकले मी लवंग-सुंठना काढा देत व्हतू. याच रोगनी गया तो." मग म्हणाल्या, "पोर तुनी चांगली शे. पन एकच पोऱ्या शे मना. माले भेव वाटस, ताई. तिले घर लई जावानी मनी हिंमत नही व्हस. काही बी खोटं सांगीसन नही म्हनतू, पन मंग तू त्या कुलूपमांगे बठेल मना डोयासमोर ये. म्हनीसन तोंडवर सांगाले उनू."

मी दाराशी उभी होते. इतका स्पष्ट नकार मला त्यानंतर कुणी दिला नाही. रडू आलं, ते लग्न मोडलं म्हणून आलं की कुणी आईला ताई म्हणालं म्हणून, हे तेव्हाही कळलं नाही. आई मात्र शांत होती. तिनं बाईंचा हात हातात घेतला आणि विचारलं, "शेवटले तुमना मालकले भलता तरास व्हयना का?"

"व्हयना," बाई म्हणाल्या. त्याही खोटं बोलल्या नाहीत.

दोघी बराच वेळ बोलत बसल्या. मला काही ऐकू आलं, काही नाही. जाताना बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मेथीची जुडी पडली होती तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, लवंग कमी घाल, तिला उष्ण पडेल. नंतर त्या कधी भेटल्या नाहीत. त्यांच्या मुलाचं लग्न झाल्याचं पुढच्या उन्हाळ्यात कळलं. तोवर आमच्याकडे दुसरं कुणी बघायला आलं नव्हतं, आणि आषाढात आई गेली. माझं लग्न तिला दिसलं नाही.

पण मला आठवायची असते ती ती सकाळच. बाई गेल्यावर नाना सवयीनं समोरचं दार लोटायला गेले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या उघडं. आते कोनपासून लपाडतस?" तिनं स्वतः सांगितलं म्हणून मी तिची खाट बैठकीत आणली, खिडकीपाशी. मग पिशवीतली सफरचंदं धुतली, किसली, फडक्यात पिळली. बत्ती बारीक करून फेस काढत बसले. लवंगा दोनच घातल्या. वास खिडकीतून गल्लीत गेला आणि समोरून अक्कांची हाक आली. त्यांनी सगळं पाहिलं होतं, तरीही विचारलं, "का वं पोरी, आज मटन शे का?"

"नही अक्का," मी म्हणाले. "मनी मायनं औषध शे. तिले टीबी शे."

अक्कांनी खिडकी लावून घेतली. एकेक करून गल्लीतल्या दुसऱ्या खिडक्याही लागल्या. इकडे आई खोकली, खूप वेळ, आवाज न दाबता. आणि खोकून झाल्यावर तिनं कपासाठी हात पुढं केला.