चेबिरीरचा डावा कान

टाबेल्गाने खोटं बोलण्याचा प्रयत्न कधी केला नाही असं नाही, पण तिला ते जमलं कधीच नाही. नवरा अराप लागत हयात असताना म्हणायचा, "घरात दूध नाही म्हणून पाहुण्यांना सांगायला हिला पाठवावं, तर ही दुधाचा तुंबा भरून घेऊन जाते." म्हणून जेबिवोतच्या दुकानात ऑनलाइन कोर्टासमोर बसायची वेळ आली, तेव्हा ती त्या बाबतीत निर्धास्त होती. खरं बोलायचं म्हणजे फक्त तोंड उघडायचं. त्यात अवघड ते काय?

अवघड बाकीचंच सगळं होतं.

"कोगो, कॅमेऱ्याच्या त्या काळ्या ठिपक्याकडे बघ," जेबिवोत म्हणाली; कोगो म्हणजे आजी. कापचेमोसोच्या बाजारात झेरॉक्स, फोनचं चार्जिंग आणि आता न्याय, असं तिन्ही एकाच छपराखाली देणारी ही बाई. मागे निळा पडदा लावून, खुर्ची खिडकीकडे सरकवून, टाबेल्गाच्या डोक्यावरचा रुमाल तिनेच सारखा करून दिला होता.

"ठिपक्याकडे कशाला? कोर्टाच्या बाईसाहेब तर खाली दिसतायत."

"खाली बघितलंस तर त्यांना वाटेल तू मान खाली घालून बसलीयस."

"म्हणजे ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बघायचं नाही. बरं. आणि बिर्गेनकडे?"

"त्याच्याकडे तर अजिबात नाही."

बिर्गेनही होताच कॉम्प्युटरच्या पडद्यावर, एका चौकोनात, तिंदेरेतच्या डोंगराकडे आपल्या अंगणात बसलेला. छातीपासून वर तेवढा दिसत होता. टाबेल्गाला हीच गोष्ट सर्वांत खटकली. उंबराखाली म्हाताऱ्यांची बैठक भरते तेव्हा माणूस उभा राहून बोलतो, पायांसकट. बिर्गेन खोटं बोलायला लागला की एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवतो, हे तिला तो तरुण होता तेव्हापासून ठाऊक होतं. हे कोर्ट पाय दाखवतच नव्हतं.

भांडण चेबिरीरचं होतं. चेबिरीर म्हणजे तांबडी गाय. लागतने ती कालवड असतानाच आपल्या मित्राकडे, बिर्गेनकडे ठेवली होती. सगळी गुरं एका कुंपणात ठेवायची नाहीत ही जुनी रीत. रोग आला तर गोठा एकदम ओस पडायला नको. दूध आणि शेण राखणाऱ्याचं, गाय आणि तिची वासरं मालकाची. कागद नाही की गवगवा नाही. एकच अट, जनावर मेलं तर राखणाऱ्याने त्याचं कातडं घेऊन मालकाच्या दारात यायचं. लागत गेला. त्याच्या माघारी गोठ्यातल्या दोन गाई तापाने गेल्या. टाबेल्गाने चेबिरीरला आणायला निरोप धाडला, तर बिर्गेनचं उत्तर आलं, ती तर केव्हाच मेली. आता टाबेल्गाच्या घरी लागतच्या कळपातलं एकही जनावर उरलं नव्हतं. सकाळी उठून ती रिकाम्या कुंपणाशी जायची, सवयीने.

मॅजिस्ट्रेट बाई किनाऱ्याकडच्या, तरुण, आवाजाने मऊ. "आजी, शपथ घ्यायची. असा उजवा हात वर करा," म्हणाल्या आणि स्वतः करून दाखवला.

टाबेल्गाने उजवा हात वर केला. मग पडद्यावर पाहिलं. बाईसाहेबांचा हात एका बाजूला, तिचा स्वतःचा भलत्याच बाजूला. तिने झटकन तो खाली घेऊन डावा वर केला. आता कसं, दोघींचे हात एकाच बाजूला आले.

"दुसरा, आजी."

पुन्हा उजवा. पुन्हा भलतीकडे. पुन्हा डावा.

"हे काय, कवायत चाललीय का?" बिर्गेनच्या चौकोनातून आवाज आला.

"कोगो, उजवा वर ठेव आणि बघू नकोस," जेबिवोत तिच्या कानाशी पुटपुटली. "आपल्यालाच आपण उलटं दिसतो, आरशासारखं. त्यांना सुलटंच दिसतेस तू."

"ही कोण बोलतेय?" बाईसाहेबांनी विचारलं.

"खुर्ची देणारी, बाईसाहेब," जेबिवोत म्हणाली आणि कॅमेऱ्याबाहेर सरकली.

मग बिर्गेन बोलला. चांगला बोलला. मित्राची कालवड त्याने पोटच्या पोरीसारखी सांभाळली; दुष्काळ आला, कुरण करपलं, कालवड गेली. आता दारात आहे ती त्याची स्वतःची गाय.

"मग कातडं कुठाय?" टाबेल्गा म्हणाली.

"वहिनी, तरसं कातडं शिल्लक ठेवतात का?"

बाईसाहेबांनी गाईला काही खूण आहे का विचारलं. आहे तर. लागतच्या कुळाची खूण डाव्या कानाला, टोकाशी बेचकीसारखी खाच. बिर्गेनच्या कुळाचीही तशीच खाच, पण उजव्या कानाला. एवढ्यावरून तर एका पाणवठ्यावर आलेली दोन कुळांची गुरं वेगळी होतात.

"प्रतिवादीने गाईचा फोटो दाखल केलाय," बाईसाहेब म्हणाल्या. "आजी, नीट बघून सांगा."

पडदाभर फोटो आला. बिर्गेनने गाईच्या गळ्यात हात टाकून, फोन समोर धरून काढलेला. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा, चेबिरीरची आई होती तशीच रुंद जबड्याची. मग टाबेल्गाने कान पाहिला.

उजवा.

ती पुढे वाकली. उजवाच. जेबिवोत कॉम्प्युटरच्या बाजूने डोळे मोठे करून मान हलवत होती, नाही म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस.

"तोंड तर तिचंच वाटतं," टाबेल्गा म्हणाली. "पण कान आमचा नाही. आमची खूण डाव्या कानाला. ही उजव्याला आहे."

"म्हणजे ही तुमची गाय नाही?"

टाबेल्गाने बिर्गेनच्या चौकोनाकडे पाहिलं. तो ठिपक्याकडे बघत बसला होता, शहाण्यासारखा.

"हा कान आमचा नाही," ती पुन्हा म्हणाली.

बाईसाहेबांनी ते टाइप केलं. टाइप करताना त्या क्षणभर थांबल्या, जणू म्हातारीला अजून काही सुचतंय का याची वाट बघत. मग निकालाची तारीख दिली आणि सगळे चौकोन विझले.

जेबिवोतने चहा ठेवला तो भांडी आपटत. "बिनखर्चाचं कोर्ट, तालुक्याला हेलपाटा नाही, वकील नाही, सगळं तुझ्या बाजूने. आणि तू काय केलंस? स्वतःच्या तोंडाने गाय देऊन टाकलीस."

"माझी नव्हती तर काय करू?"

"कोण बघणार होतं गं कान! म्हणायचं, हो, हीच. बाईसाहेब समुद्राकडच्या. त्यांना माशाचा कान दाखवला तरी चालला असता."

"माशाला कान नसतो."

"तेच म्हणतेय मी."

टाबेल्गा चहात फुंकर घालत राहिली. तिला हरल्याचं तितकंसं वाटत नव्हतं. चेबिरीर खरंच मेली याचं वाटत होतं. फोटो बघेपर्यंत तिने ते मनावर घेतलंच नव्हतं. कपात चहा निवत गेला.

"जेबिवोत, तो फोटो अजून आहे का त्यात?"

"आहे. कशाला?"

"दाखव पुन्हा. आपली नसली तरी गाय देखणी आहे. बघू दे."

जेबिवोतचा राग तिथेच निम्मा उतरला. तिने फोटो लावला आणि म्हातारीच्या शेजारी स्टूल ओढून बसली. आता घाई नव्हती. टाबेल्गाने गाईचा टिळा पाहिला, शिंगं पाहिली, गळ्याखाली लोंबणारी पोळी पाहिली. मग नजर सहज वर बिर्गेनच्या तोंडावर गेली आणि तिथेच थबकली.

"ह्याचा गाल बघ."

"काय झालं गालाला?"

"वण. लागत आणि हा बिबट्याच्या मागावर गेले होते, तेव्हाचा. माझ्याच घरी आणून निजवला होता याला. रोज लोणी मीच लावत होते. या गालाला." तिने आपल्या उजव्या गालावर हात ठेवला. "इथे तर डाव्या गालावर आहे."

जेबिवोत फोटोकडे बघत राहिली. मग तिने कपाळावर हात मारला. "अगं आई. सेल्फी आहे हा."

"म्हणजे?"

"काही फोन उलटाच ठेवतात. आरशासारखा. शपथेच्या वेळी तुझा हात झाला ना, तसं."

टाबेल्गाने उजवा हात वर केला, खाली घेतला. कपाटाच्या काचेत तिचा हात भलत्या बाजूला वर झाला, खाली आला. "मी मेली गाईकडेच बघत बसले," ती हळूच म्हणाली. "माणसाकडे बघितलंच नाही."

अर्ज जेबिवोतने लिहिला, तोही त्याच बैठकीत. टाबेल्गा सांगत होती ते निम्मंच तिने घातलं. बिर्गेनला दिलेली विशेषणं गाळली. मागणी साधी होती, गाय फोनसमोर उभी करावी, आणि फोन उलटा धरून, मागच्या डोळ्याने दाखवावी. बाईसाहेबांनी निकाल थांबवला आणि तसा हुकूम दिला.

दुसऱ्या वेळी टाबेल्गाने रुमाल स्वतःच सारखा केला.

बिर्गेनच्या सुनेने फोन धरला होता. "पोरी, जरा मागे सरक," टाबेल्गा ठिपक्याला म्हणाली. "आणखी. बिर्गेन पायांसकट दिसू दे."

"आजी, गाय बघायचीय ना?" बाईसाहेब म्हणाल्या.

"गायही बघू, बाईसाहेब."

सून मागे सरकली. अंगण दिसलं, कुंपण दिसलं, बिर्गेन दिसला, अनवाणी. त्याच्यामागे चेबिरीर, पाठमोरी, गवत ओढत असलेली. सुनेने तिला तोंडाशी धरून वळवलं, कान हातात घेऊन फोनपुढे धरला. बेचकीसारखी खाच. डाव्या कानाला.

सुनेने कान सोडला, गाय पुन्हा गवताकडे वळली आणि सून होती तिथे मागे जाऊन उभी राहिली.

"अराप बिर्गेन," बाईसाहेब म्हणाल्या, "ही खूण लागतच्या कुळाची आहे. तुमच्या गाईला ती कशी?"

बिर्गेन उभा होता. तोंड किंचित उघडं, डोळे फोनवर. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"आवाज येतोय का? अराप बिर्गेन?"

काही नाही. चित्र जसंच्या तसं.

"हॅलो?" बाईसाहेबांनी पडद्याजवळ येऊन पाहिलं. "चित्र अडकलेलं दिसतंय. त्या बाजूला नेटवर्कची अडचण असते. मी नोंदवते, संपर्क तुटला. पुढची तारीख घेऊ."

पुढची तारीख म्हणजे त्याला पुढचं उत्तर रचायला वेळ. उंबराखाली असा गप्प बसला असता तर सगळ्या म्हाताऱ्यांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावून, तंबाखू मळून, उठायची तयारी केली असती. इथे त्याच्या गप्प बसण्याला नेटवर्क म्हणत होते.

"बाईसाहेब, लिहू नका," ती म्हणाली. "संपर्क तुटलेला नाही."

"आजी, ते हलत नाहीयेत."

"तो नाही हलत. पण त्याच्या मागे बघा. शेपूट हलतेय."

बाईसाहेबांनी पाहिलं. जेबिवोतने पाहिलं. बिर्गेनच्या खांद्यामागे चेबिरीरची शेपटी निवांत इकडून तिकडे जात होती, माश्या हाकलत. बाईसाहेबांनी ओठ आवळून धरले, पण हसू कोपऱ्यातून निसटलंच.

"अराप बिर्गेन," त्या म्हणाल्या, "आम्हाला तुमचं सगळं अंगण व्यवस्थित दिसतंय."

त्याचा एक पाय उचलला गेला, दुसऱ्या पायाच्या घोट्याकडे निघाला, आणि मध्येच थांबून परत जमिनीवर आला.

"बिर्गेन," टाबेल्गा ठिपक्याला सोडून सरळ त्याच्या चौकोनाकडे बघत म्हणाली, "कातडं कुठाय?"

त्याने मागे वळून गाईकडे पाहिलं.

"तिच्याच अंगावर आहे," तो म्हणाला.

बाईसाहेबांनी ते शब्द जसेच्या तसे टाइप केले. या वेळी कुठेच थांबल्या नाहीत.

गाय त्याने स्वतः आणली. सुनेला पाठवता आलं असतं, हुकूमनाम्यात कुणी आणायची ते लिहिलेलं नव्हतं. पण ठेवलेलं जनावर राखणाऱ्याने आपल्या हाताने पोचवायचं असतं, तेवढी रीत त्याने पाळली. दोर धरून फाटकाशी आला आणि उभा राहिला. चेबिरीरच्या मागे एक कालवड होती, आईसारखीच टिळ्याची.

टाबेल्गाने आधी कान चाचपला. मग गाईच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. वास लागतच्या गोठ्यातला होता की नाही हे तिला कळेना. पण होता असं तिने ठरवून टाकलं.

"फोटो मुद्दाम नव्हता उलटा काढला," बिर्गेन म्हणाला. "फोनचं मला काय कळतंय."

"मला तरी कुठे कळत होतं. पण कान आमचा नाही असं मी म्हणाले, तेव्हा तुला कळत होतं."

"हो."

"आणि गप्प बसलास."

"इतकी वर्षं मीच गोचिड्या काढल्या तिच्या, वहिनी. घरवाली गेल्यापासून सकाळी बोलायला तीच होती."

टाबेल्गाला त्याचे शब्द ऐकू आले नाहीत असं नाही. ती आत गेली. राख लावून आंबवलेल्या दुधाचा तुंबा हलवत बाहेर आली, शेजारणीकडून आणलेल्या दुधाचा, आणि कप भरून त्याच्यासमोर धरला. तो दोर हातात धरून तसाच उभा. कपाकडे बघतोय, हात पुढे करत नाहीये.

"कालवड परत जाताना घेऊन जा," ती म्हणाली. "मालकाने राखणाऱ्याला खुशीने एखादी द्यायची असते. लागतने दिलीच असती. आणि हे पी."

तरी तो गप्पच.

"बोल की काहीतरी, बिर्गेन," टाबेल्गा म्हणाली आणि गाईच्या शेपटीकडे बोट दाखवलं. "इथे सगळं चालू आहे."