तळहाताने इंजिन ऐकणारे

बडा गणपतीजवळ स्कूटरचे स्पार्क प्लग साफ करणारे एक मिस्त्री बसत. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते; त्या गोंगाटात सगळे कामगार आवाज न काढता ओठांनीच बोलत. गिरणी बंद पडली. आता बहिरेपणा कळला तर हेही काम जाईल, म्हणून ते गिऱ्हाइकाचे ओठ वाचत आणि इंजिनाचा ठोका तळहाताने जोखत.

एकदा एका गिऱ्हाइकाने मागून विचारले, "भिया, प्लगची वायरही बदलावी लागेल का?" ते प्लग घासतच राहिले. "कान घरी ठेवून आलात का?" गिऱ्हाईक चिडले.

माझी स्कूटर घेऊन मी तिथेच थांबलो होतो; त्यांची नजर सतत ओठांवर असते हे माझ्या लक्षात आले होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि आवाज न काढता तोच प्रश्न नुसत्या ओठांनी विचारला.

"वायर चांगली आहे, राहू द्या," ते मोठ्याने म्हणाले.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनीही ओठांनीच विचारले, "गिरणीत कोणत्या खात्यात होता, भिया?"

मी गिरणीत कधीच नव्हतो. त्यांचा उजळलेला चेहरा पाहून मला तसे सांगवले नाही.