यादीतलं पहिलं नाव

१८ फेब्रुवारी १९९८. कलेक्टर कचेरीसमोरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात मी मशीनची रिबन बदलत होते. पेठ तालुक्यातल्या एका पाड्याचे म्हातारे पुढारी आले. चपला बाहेर काढून त्यांनी मास्तरांकडून लिहून आणलेलं वहीचं पान दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. डोंगरावरचं सरकारी जंगल तोडून शेतं केली, म्हणून पाड्याचा झरा आटला होता. ती शेतं मोडून जंगल पुन्हा वाढू द्यावं, असा त्यांच्या नावाने अर्ज होता. खाली तोडणाऱ्या सात जणांची नावं होती.

मी म्हटलं, "बाबा, तुमचं नाव सहीच्या जागी हवं. चुकून यादीत पहिलं घातलंय."

"चुकून नाय, बाई. पयली कुऱ्हाड मीच घातली."

"अहो, मग तुमचंच शेत जाईल! खाणार काय?"

"नागली तिथंच पिकते माझी. पन माझं नाव झाकलं तं बाकीचे सहा मला हसतील, आन् झरा कोरडाच ऱ्हाईल. लिवा."

मी हबकलेच. वीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतेय. सगळे दुसऱ्याचीच तक्रार आणतात. मी नाव टाइप केलं. ते कागदावर कुठे आहे हे बाबांनी मला बोट ठेवून दाखवायला लावलं, खाली अंगठा उठवला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरामागच्या सार्वजनिक मैदानात चार फूट सरकवलेलं आमचं तारेचं कुंपण सोडवायला घेतलं.

नवरा दारात आला. "नोटीस आली का?"

"नाही. पक्कड द्या."